पाऊस पडला, पण फोन वाजला नाही

“विभागाचा नवा आकृतिबंध येतो आहे, माझे पद त्यात राहणार नाही असे म्हणतात, रात्री झोप लागत नाही, काय करावे?” महापालिकांत काम करणारे अनेकजण हे विचारतात. (आकृतिबंध म्हणजे कोणत्या विभागात कोणती आणि किती पदे असतील, याचा आराखडा.) उत्तरादाखल एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील संबंधितांच्या संमतीने बदलले आहेत.

जुलैत एक 52 वर्षांचे उपअभियंता पत्नीसह माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. महापालिकेच्या देखभाल-दुरुस्ती विभागात त्यांच्याकडे शहरभराचे मलनिःसारण होते. नव्या रचनेत कामानुसार विभागणी मोडून प्रत्येक प्रभागातील रस्ते, गटारे, इमारती असे सगळेच एका अधिकाऱ्याकडे गेले. यांच्या पदापुढे ‘रिक्त होताच व्यपगत’, म्हणजे ते पदावरून गेले की पदच रद्द, असा शेरा पडला आणि तोवर मुख्यालयात अंदाजपत्रके तपासण्याचे टेबल मिळाले. टेबलाचा प्रमुख सरळसेवेने, म्हणजे बढतीऐवजी थेट भरतीने, वर गेलेला. तो कनिष्ठ अभियंता असताना मोजमाप पुस्तिका कशी लिहायची, हे त्याला यांनीच शिकवले होते.

पहिल्या भेटीत मी चूक केली. भीती पगाराची आणि नोकरीची असणार, असे गृहीत धरून मी कागदांकडे वळले. तेही आवश्यकच होते, कारण त्यांच्या मनात आदेश कमी आणि कॅन्टीनमधील चर्चा जास्त होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार नवी पदे राज्य शासनाच्या मंजुरीवाचून निर्माण होत नाहीत आणि आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांवरचा खर्च, 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दबाव असतोच. त्यामुळे मसुदा आणि मंजूर आकृतिबंध यांत पुष्कळ अंतर पडू शकते. पद व्यपगत होणे म्हणजे पदावनती नव्हे; पदावनती ही शिक्षा आहे आणि तिच्यासाठी चौकशीची रीतसर प्रक्रिया लागते. मी त्यांना आपल्या नावासमोरची ओळ स्वतः वाचायला, आस्थापना विभागाला वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठतेबद्दल लेखी विचारायला आणि ज्येष्ठता यादीवर हरकत असल्यास ती मुदतीत नोंदवायला सांगितले. उत्तर आले, वेतनश्रेणी कायम होती. झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या भेटीत पत्नी म्हणाल्या, “मॅडम, पाऊस सुरू झाला की हे उठून बसतात. आणि फोनकडे बघत राहतात.” तेव्हा माझे लक्ष गेले: फोन टेबलावर उताणा, आवाज पूर्ण वाढवलेला, बोलताना दर दोन मिनिटांनी नजर तिकडे. अनेक पावसाळे तो उशाशी वाजत आला होता. कुठे चेंबर तुंबले, कुठे पाणी दुकानात शिरले. आता ते फोन प्रभाग कार्यालयांत जात होते, आणि हा माणूस न वाजणाऱ्या फोनसाठी जागत होता. खिशातून त्यांनी एक डायरी काढली. जुन्या पेठेतील चेंबर निळ्या शाईने, नकाशात नसलेल्या जोडण्या लाल शाईने. “हे कुठल्या फाइलीत नाही,” असे म्हणून त्यांनी ती मिटली.

“पद म्हणजे सर्वस्व नाही, घराकडे लक्ष द्या,” हे अशा वेळी सगळेच सांगतात. मला तो सल्ला थोडा निर्दय वाटतो. ज्याचे काम काढून घेतले आहे त्याला ते काम मुळात महत्त्वाचे नव्हते, असे सांगणे म्हणजे दुसऱ्यांदा काढून घेणेच होय. आम्ही आधी गमावले त्याची नावे घेतली: रात्रीचे फोन, मुकादमाशी थेट बोलणे, खड्ड्यापाशी उभे राहून निर्णय देणे. यांतले परत न येणारे कोणते, हेही त्यांनीच ठरवले. रक्तदाब वाढलेला होता म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचे ठरले. पहिल्या आठवड्यात ते दोनदा उठून तो बघून आले.

डायरीचे काय करायचे, यावर तीन भेटी गेल्या. ती देऊन टाकली तर आपण उरतो कुठे, हा त्यांचा प्रश्न खरा होता, आणि मी तो घाईने सोडवला नाही. शेवटी त्यांनी डायरी दिली नाही. प्रभागांच्या कनिष्ठ अभियंत्यांना शनिवारी सकाळी जागेवर नेऊन एकेक लाल जोडणी दाखवायला लागले, तेही रीतसर कार्यालयीन टिपणी मंजूर करून घेऊन. त्या टिपणीवर नव्या प्रमुखाची सही लागली, आणि ती त्याने त्याच दिवशी केली.

झोप आता बरीच सुधारली आहे, जोराच्या पावसाची रात्र सोडली तर. प्रमुखाला ‘साहेब’ म्हणणे मात्र जमलेले नाही; नावानेही हाक मारता येत नाही, म्हणून ते “अहो, जरा बघता का” एवढ्यावर निभावून नेतात.