संचकार कोणत्या तारखेला घेतला, ते आधी विचारा

‘कागद कन्नडमध्ये होता, एजंट ओळखीचा होता, म्हणून सही केली.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडून घरविक्रीबद्दल जी पत्रं येतात त्यांत हे वाक्य इतक्या वेळा असतं, की हल्ली मी पुढचा मजकूर वाचण्याआधी सोबत कागदाचा फोटो आहे का ते बघतो. वडगावच्या या वाचकांनी फोटो जोडलाय, तेवढं बरं केलं.

त्यांचं थोडक्यात असं. कापड विणायच्या मागाच्या शेडसह असलेलं जुनं घर विकून पुण्याला मुलाकडे जायचं आहे. गणपतीच्या आधी एजंटाशी अकरा महिन्यांचा कागद केला, भाव ४८ लाख, कमिशन दोन टक्के. दिवाळीनंतर शेजारीच ५५ लाखांना घ्यायला तयार झाला, तेव्हा यांनी एजंटाला फोनवर ‘आता राहू दे’ म्हणून सांगितलं. आता एजंट म्हणतो, ‘हुबळीच्या पार्टीकडून मी तुमच्या वतीने ५ लाख संचकार घेतलाय, घर त्यांनाच द्यावं लागेल.’ (संचकार म्हणजे विक्री पक्की करताना घेतलेला विसार, आणि संचकार पत्र म्हणजे तसा लेखी करार.) घराची मूळ कागदपत्रंही त्याच्याकडेच आहेत. प्रश्न चार विचारलेत : कागद खरा धरायचा का, रेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) तक्रार करता येईल का, कमिशन द्यावं लागेल का आणि शेजाऱ्याला घर देता येईल का.

चारही प्रश्न एजंटाशी केलेल्या कागदाच्या पाचव्या कलमापाशी येऊन थांबतात, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही.

एजंट म्हणजे साधारणपणे पार्टी आणून दाखवणारा माणूस. गिऱ्हाईक आणा, बोलणी जमवा, कमिशन घ्या. अशा एजंटाला मालकाच्या वतीने विक्रीचा करार करून देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, तो स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो. तुमच्या कागदाच्या पाचव्या कलमात तो स्पष्ट शब्दांत दिलेला आहे : ‘मालकाच्या वतीने संचकार घेणे व संचकार पत्र करून देणे.’ त्याच्याखाली तुमची सही आहे. मुलाला फोटो पाठवून ओळखीच्या कुणाकडून तरी दोन पानं वाचून घ्यायला एक संध्याकाळ पुरली असती. कन्नड वाचता येत नव्हतं, ही सबब कोर्टात फारशी टिकत नाही. सही केली म्हणजे मजकूर कबूल, असंच धरून चालतात. एजंटाने मजकूर मुद्दाम खोटा सांगितला असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर.

आता तारखांकडे या. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे मालकाला एजंटाचा अधिकार काढून घेता येतो. कागदावर ‘रद्द न होणारा’ असं छापलेलं आहे म्हणून घाबरू नका. मालमत्तेत एजंटाचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच तसं बंधन येतं, आणि कमिशनची आशा म्हणजे हितसंबंध नव्हे. पण दोन अडचणी आहेत. पहिली, एजंटाने अधिकार वापरून जे आधीच करून ठेवलंय ते नंतर मागे घेता येत नाही (कलम २०४). दुसरी तुमच्या डोक्यात आलेलीच नाही. अधिकार काढल्याचं एजंटाला कळलं की त्याच्यापुरता तो संपतो, पण तिसऱ्या माणसाच्या बाबतीत त्या माणसाला कळेपर्यंत संपत नाही (कलम २०८). म्हणजे तुमचा फोन आधीचा आणि संचकार नंतरचा असला, तरी हुबळीच्या पार्टीला त्या फोनचा पत्ता नव्हता असं ठरलं, तर तो करार तुमच्या गळ्यात पडू शकतो, आणि तोही ४८ लाखांचा.

तोंडी रद्द करणंही कायद्याला चालतं. पण फोनवर काय बोललात ते सिद्ध कोण करणार? व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा मेसेज गेला असेल आणि त्याचं ‘बरं साहेब’ असं उत्तर आलं असेल, तर ते जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

माझ्या मते तुमची सगळी केस आजच्या घडीला एका गोष्टीवर आहे. संचकार पत्र खरंच झालंय का, की एजंट नुसता दम देतोय? झालं असेल तर त्याची प्रत मागा. एजंटाने तुमच्या वतीने घेतलेल्या पैशांचा हिशेब देणं आणि ते पैसे तुमच्याकडे पोहोचवणं हे त्याचं कायद्याने कर्तव्य आहे. तो प्रत देत नसेल, तर त्यातूनही बरंच कळतं. प्रत मिळाली की ई-स्टॅम्पवर छापलेली तारीख आणि वेळ बघा. मागची तारीख घालून कागद केला असेल तर तो तिथेच उघडा पडतो. ५ लाख बँकेतून आले की रोख, तेही विचारा. आणि पार्टी कोण आहे त्याची चौकशी करा. ती एजंटाचीच नातेवाईक किंवा भागीदार निघाली आणि त्याने ते तुमच्यापासून लपवलं असेल, तर व्यवहार नाकारायला तुम्हाला भक्कम जागा आहे. या धंद्यात असं होतच नाही, असं मी म्हणणार नाही.

तोवर थांबू नका. वकिलामार्फत अधिकार रद्द केल्याची नोटीस एजंटाला आजच स्पीड पोस्टाने पाठवा. पार्टीचं नाव-पत्ता मिळाला तर तिलाही पाठवा, आणि नाही मिळाला तर बेळगावच्या एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या. जाहीर नोटीस प्रत्येकाने वाचलीच असं कोर्ट मानेल याची खात्री देत नाही, पण करार अजून झाला नसेल तर तो रोखायला ती पुरेशी ठरू शकते. दिवाळीपासून आजवर यातलं काहीच झालेलं नाही, याचा मला खरोखर राग येतो. तुम्ही गप्प बसलात तो प्रत्येक आठवडा एजंटाच्या सोयीचा होता.

बाकीचे प्रश्न भराभर घेतो. रेराचा इथे उपयोग नाही. एजंटाने रेराकडे नोंदणी करण्याची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांपुरती आहे, वडगावच्या जुन्या राहत्या घराला ती लागू नाही. कागद कमी स्टॅम्पवर आहे म्हणून तो रद्दी ठरतो, हाही गैरसमज. कमी पडलेलं शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरला की असा कागद पुराव्यात येतो. कमिशनबद्दल ठाम सांगत नाही. नियम म्हणून काम पुरं झाल्याशिवाय ते देय होत नाही, पण तुमच्या सातव्या कलमात ‘मालकाने स्वतः विकले तरी कमिशन’ असं आहे. त्यावर तो नुकसानभरपाई मागू शकेल, पूर्ण दोन टक्के मिळतील असं नाही. तडजोडीत काही रक्कम देऊन कागदपत्रं सोडवता आली तर मी तरी ते करीन. एजंटाला कमिशनपोटी कागदपत्रं अडवून ठेवण्याचा हक्क आहे, पण तो देय असलेल्या रकमेपुरता. अजून काहीच देय नसेल तर त्याला ती ठेवता येणार नाहीत. नोटिशीत ती परत मागाच, आणि खरेदीखताच्या सर्टिफाइड प्रती सबरजिस्ट्रार ऑफिसातून आधीच काढून ठेवा.

पार्टीने करारपूर्तीचा, म्हणजे ‘ठरल्याप्रमाणे घर आमच्या नावावर करून द्या’ असा, दावा केला तर? करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीखच नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्यांना कळल्यापासून, तीन वर्षांपर्यंत ती दावा करू शकते. म्हणजे दुर्लक्ष करून विषय मिटत नाही. ‘न्यायाधीश म्हाताऱ्या माणसाची अडचण बघतील,’ असं तुम्ही लिहिलंय. पूर्वी करारपूर्ती द्यावी की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर बरंच होतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०१८ पासून, ती मोकळीक खूपच आवळली गेली आहे. शिवाय खालच्या कोर्टातून दावा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेला, की तुमचं पुण्याला जाणं कधी होईल ते मला विचारू नका. म्हणून बेळगावच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट (‘हुकूम देण्याआधी माझं ऐका’ असा अर्ज) टाकून ठेवा. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकावं लागतं. पण त्यामुळे तुमचं म्हणणं न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम निघण्याची शक्यता कमी होते.

शेजाऱ्याला घर द्यायला कायदा आड येत नाही, फक्त आत्ता नाही. हुबळीच्या कराराची माहिती असताना त्याने खरेदी केली, तर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव त्याला उरत नाही, आणि दावा लागल्यानंतर घेतलं तर निकाल त्याच्यावरही बंधनकारक होतो. त्याला सगळं खरं सांगा आणि थांबायला सांगा. त्याच्याकडून तुम्ही ५१ हजार रोख घेतल्याचं पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलंय. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेता येत नाही. आयकर खातं घेतलेल्या रकमेएवढा दंड लावू शकतं. ते पैसे परत करा, पण पुन्हा रोखीने नको. बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवा, आणि कशाबद्दल पाठवले ते त्याच्याकडून एका ओळीत लिहून घ्या.