आई-बाबांना आधी सांगा

टेक्सासमधून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नवऱ्याची नोकरी जाऊन तीन आठवडे झाले. तो एच-१बी वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वर, मुलगी नऊ वर्षांची. पत्रात प्रश्न बरेच आहेत: घर विकायचं का, मुलीच्या शाळेचं काय, रात्र रात्र झोप नाही, गणपतीला पुण्याला जायचं होतं ते रद्द करू का. माझी नजर मात्र मधल्याच चार ओळींवर अडकली.

“सासू-सासऱ्यांना काहीच कळू दिलेलं नाही. दोघांची सत्तरी उलटली आहे, त्यांना टेन्शन नको. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हे नेहमीसारखे हसून बोलतात. मुलीलाही बजावलंय, आजीसमोर बाबांच्या ऑफिसचा विषय काढायचा नाही.”

मैत्रिणी, तुमची घालमेल मला कळते. घराचा हप्ता, गाडी, मुलीचा डान्स क्लास, सगळं एका सहीवर उभं असतं आणि ती सही एका सकाळी निघून जाते. त्यात नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणाऱ्या जास्तीत जास्त साठ दिवसांची टांगती तलवार. पण नऊ वर्षांच्या पोरीला आजीशी लपवाछपवी करायला लावलीत, हे मला अजिबात पटलेलं नाही. बाबा घरी का असतात हे तिला दिसतंय, तुमचा कुजबुजता आवाज ऐकू येतोय, आणि ज्या आजीजवळ ती मन मोकळं करू शकली असती तिथेच तुम्ही कुलूप लावलंत. ते आजच काढा.

घरच्यांना सांगा, हे मी या सदरात वारंवार लिहिते आणि लिहीतच राहणार. कारण आमच्या घराने सांगणं आणि लपवणं, दोन्ही पाहिलंय.

माझे सासरे लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तेव्हा कधी संपणार, पुढे काय, याचं उत्तर कुणाहीजवळ नव्हतं. सासूबाईंनी दहा बाय बाराच्या खोलीत डबे करायला घेतले. माझा नवरा तेव्हा शाळेत होता. वाण्याची उधारी किती झाली, गावाहून तांदूळ कधी येणार, हे त्याच्यासमोरच बोललं जायचं. तो आजही सांगतो, पैसे नव्हते पण भीती वाटली नाही, कारण काय चाललंय ते माहीत होतं.

त्याच घरातला धाकटा मुलगा, माझा दीर, २००१ मध्ये कॅलिफोर्नियात होता. डॉटकॉम कंपन्या बसल्या, त्याचीही नोकरी गेली. त्याने घरी अवाक्षर काढलं नाही. सासऱ्यांना बातमी लागली ती चाळीतल्या एका शेजाऱ्याकडून, त्याचा मुलगाही तिकडेच होता. सासरे रागावले नाहीत, पण दोन दिवस धड जेवले नाहीत. मग म्हणाले, “संपात आपल्या घरी काय शिजतंय ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. आणि माझ्या मुलाचं मला शेजाऱ्याने सांगावं?” नोकरी गेल्याचं दुःख त्यांनी सहज पचवलं असतं. परकं केल्याचं त्यांना लागलं.

तुमचे सासू-सासरे सत्तरीपुढचे आहेत, म्हणजे १९७२ चा दुष्काळ त्यांनी जाणत्या वयात पाहिलाय. रेशनच्या रांगेत त्यांची उमेदीची वर्षं गेलीत. ज्यांनी इतकं काढलं त्यांना तुम्ही काचेचं भांडं समजताय.

आता कसं सांगायचं ते. आधी पुण्यात जवळ राहणाऱ्या कुणाला तरी, नणंद असेल तर नणंदेला, सांगून ठेवा म्हणजे ती त्या वेळी त्यांच्याजवळ बसेल. तुमच्याकडे शनिवारी रात्री आठला फोन करा, पुण्यात रविवारची सकाळ साडेसहा असते, दोघं चहाला बसलेले असतात. त्यांच्या रात्री सांगू नका, रात्रभर तळमळतील. बोलायचं तुमच्या नवऱ्यानेच, तुम्ही शेजारी बसा. नोकरी कधी गेली, हातात किती महिन्यांचे पैसे आहेत, कुठल्या तारखेपर्यंत काय ठरेल, जे ठरलेलं नाही ते कोणतं, एवढं सरळ सांगा. “काळजी करू नका” म्हणू नका, ते करणारच. उलट काहीतरी मागा. मुलीला रोज अर्धा तास गोष्ट सांगायला आजीला सांगा.

तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांपासूनही लपवलंय, हे पत्रात ओझरतं आलंय. कशासाठी? ओळखीने रिझ्युमे पुढे सरकतात हे तुम्हाला मी सांगायला नको. लोक काय म्हणतील, यात तीन आठवडे गेले आणि लोकांना ठाऊकच नाही की तुम्हाला नोकरी हवी आहे.

बाकीचं थोडक्यात. साठ दिवस नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी नोंद, आधी संपत असेल तर तेवढेच. सेव्हरन्स, म्हणजे कंपनीने काढताना दिलेले पैसे, मिळाला म्हणून मुदत वाढत नाही. मुदतीत नव्या कंपनीने एच-१बी चा अर्ज दाखल केला तर उत्तम, नाहीतर आय-५३९ हा व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज भरून बी-२, म्हणजे पाहुणा म्हणून राहण्याचा दर्जा, मागता येतो, मात्र त्यावर नोकरी करता येत नाही. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे का ते पत्रात नाही, वकिलाला पहिला प्रश्न तोच विचारा. आरोग्य विम्यासाठी कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायची सोय, घ्यायचा की नाही हे ठरवायला साधारण साठ दिवस मिळतात, तो कागद फेकू नका. घर इतक्यात विकू नका. शाळा चालू राहू दे. झोपेसाठी डॉक्टरांना भेटा, पण आधी तो फोन करा, कदाचित त्यानेच लागेल.

आणि गणपती. बी-२ चा अर्ज दाखल करून निकाल येण्याआधी देश सोडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका. येत्या शनिवारी फोन झाला की मला चार ओळी लिहा, सासूबाई काय म्हणाल्या ते मला वाचायचंय.