नशेच्या गोळ्या घेणाऱ्या भावाला गावी नेऊन कोंडून ठेवले तर तो सुटेल का?

आपण लिहिले आहे की धाकटा भाऊ बऱ्याच काळापासून नशेच्या गोळ्या घेतो, आई त्याला लपवून पैसे देते, वडील त्याला गावी नेऊन महिनाभर खोलीत बंद ठेवू म्हणतात आणि आपल्याला मात्र त्याला घराबाहेर काढावेसे वाटते. घराबाहेर काढण्याविषयी पुढे लिहिते. कोंडण्याचा विचार मात्र वडिलांच्या मनातून आजच काढा, कारण आमच्या घरी तो प्रकार झालेला आहे.

माझा भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होता. छत्रपती संभाजीनगरात पोरे ज्यांना ‘बटन’ म्हणतात, त्या झोपेच्या गोळ्या त्याला खोलीवरच्या मित्रांनी दिल्या. या गोळ्यांतली नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलाम ही औषधे एच-1 अनुसूचीत, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते, तरीही माझ्या भावाला ती सहज मिळत होती. नोकरी गेली आणि तो केज तालुक्यातल्या आमच्या गावी परतला, तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि भर दुपारी तो ओट्यावरच झोपून जात असे. आईच्या कानातली फुले नाहीशी झाली, त्या दिवशी मामांना बोलावणे गेले.

मामा आईला म्हणाले, “बाई, आपल्या शेतातल्या आखाड्यावर ठेवू त्याला. चार दिवस तळमळंल, मग आपोआप नीट होतंय बघ.” मी फोनवर सांगितले की आधी डॉक्टरांना दाखवा, रोजची गोळी अशी एकाएकी तोडू नका. त्यावर, “तू सासरी बसून डॉक्टरकी शिकवू नको,” असे उत्तर मिळाले. हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आखाड्यावर पहिल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरत राहिले, अंगाला घाम सुटला. दुसऱ्या दिवशी तो नसलेल्या माणसांशी बोलू लागला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे झटके येऊन बाजेवरून खाली पडला. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल, कोणी बाहेरचे आहे म्हणून देवऋषी सुचवला, आणि या सगळ्यात जो वेळ गेला त्याची चीड मला आजही येते. अखेर मामांच्या सालगड्याने शेजारच्या शेतातली जीप आणली आणि त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की कोणती गोळी, रोज किती आणि केव्हापासून बंद केली. त्याच्या पिशवीतली रिकामी पाकिटे मी येताना सोबत आणली होती, म्हणून उत्तर देता आले.

डॉक्टरांनी जे समजावले ते आपल्या वडिलांना जसेच्या तसे सांगा. या गोळ्या मेंदूची उत्तेजना दाबतात. रोज घेतल्या की मेंदू त्या दाबाला सरावतो, आणि तो दाब अचानक काढला की मेंदू भडकतो. त्यातून झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून जास्त वेळ अंगात राहणारे त्याच गटातले औषध देऊन त्याचे प्रमाण काही आठवडे, कधी काही महिने, देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. इतके होऊनही मामांचे म्हणणे असे की आणखी आठ दिवस आखाड्यावर काढले असते तर दवाखान्याचा खर्च वाचला असता. पुढे त्यांनी लग्नाचा आग्रह धरला, जबाबदारी पडली की सुधारेल म्हणून. त्या बैठकीत मी सगळ्या भावकीसमोर विरोध केला. दुसऱ्याच्या लेकीला औषध म्हणून घरात आणणे हा तिच्यावर अन्याय आहे, या मतावर मी ठाम आहे.

आता घराबाहेर काढण्याविषयी. काढलेला मुलगा त्याच खोलीवर, त्याच मित्रांत जातो, म्हणून माझे मत काढू नये असे आहे. रोख पैसा मात्र पूर्ण बंद करा. जेवण, औषध, डॉक्टरांची फी, एस.टी.चे भाडे आपण स्वतः भरा. आईला दोष देऊ नका, तिला डॉक्टरांसमोर बसवा. आमच्या आईने त्यानंतरच पैसे देणे थांबवले. मध्ये एका दिवाळीत भाऊ पुन्हा घसरला, तेव्हा शिव्याशाप न करता त्याच आठवड्यात आम्ही दवाखाना गाठला. आज तो ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या दुकानात काम करतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. भाऊ यायला तयार नसेल तर आपण एकटे जा, किंवा 14416 या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीवर बोला. व्यसनमुक्तीसाठी 14446 हाही क्रमांक आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका: 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. जिथे साखळीने बांधतात अशा केंद्राच्या दारातही उभे राहू नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते निषिद्ध आहे.

माझा अनुभव झोपेच्या गोळ्यांचा आहे. आपला भाऊ अफूच्या गटातली नशा, म्हणजे कोडीनचे खोकल्याचे औषध किंवा ब्राउन शुगर (हेरॉइन) घेत असेल तर धोका वेगळा असतो: महिनाभर बंद राहून सुटलेल्या माणसाने जुन्याच प्रमाणात नशा केली तर शरीराची सवय गेलेली असल्याने श्वास थांबू शकतो. म्हणजे कोंडणे तिथेही जिवावर बेतते. आणि तो आईवडिलांवर हात उगारत असेल तर 112 ला फोन करा, त्याची राहण्याची सोय वेगळी करा. उपचार मात्र सोडू नका. वडील तरीही ऐकत नसतील, तर डॉक्टरांकडे पहिल्यांदा भावाऐवजी त्यांनाच घेऊन जा.