अणूंच्या एकत्रित झोतातली जास्तीची ऊर्जा कुठून येते?

तुम्ही विचारलंय: अतिथंड १०० अणूंनी एकत्र प्रकाश सोडला की तो एका अणूच्या १०,००० पट होतो असं वाचलं, मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला का? मी जळगावात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात कुणी हीच शंका काढली की मला मनापासून आनंद होतो, कारण विचारणाऱ्याने प्रकाश अणूंच्या संख्येच्या वर्गाने (१०० गुणिले १००) वाढतो हे सूत्र पाहून हिशेबही मांडलेला असतो.

नियम मोडत नाही. १०० उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा घेतलेल्या, अणूंकडून १०० फोटॉनच (प्रकाशाचे कण) निघतात. आक्रसतो तो वेळ. एकट्या रुबिडियम अणूला ७८० नॅनोमीटरचा फोटॉन सोडायला सरासरी २६ नॅनोसेकंद लागतात. पण अणू तरंगलांबीच्या आत दाटीने बसले आणि एका तालात आले, तर आधी त्यांच्या प्रकाशलहरींच्या क्षेत्रांची बेरीज होते आणि त्या बेरजेचा वर्ग म्हणजे प्रकाशाची प्रखरता. म्हणून झोत प्रखर, पण तितकाच आखूड. बाकी १०,००० हा आकडा जरा फुगवलेला आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी १९५४ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे सगळे अणू उत्तेजित असताना सुरुवात केली, तर शिखरावर ५० गुणिले ५१, म्हणजे एका अणूच्या २,५५० पट उत्सर्जनाचा वेग मिळतो. अणूंनी असा एका तालात प्रकाश सोडण्याला सुपररेडियन्स म्हणतात.

थंडी कशाला लागते? मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवेतले रेणू सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेगाने धावत असतात. काही मायक्रोकेल्विनला (निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे काही दशलक्षांश) आणलेला रुबिडियम अणू सेकंदाला काही सेंटिमीटरच सरकतो. गरम वायूत डॉप्लर परिणामामुळे (वेगामुळे आवृत्ती बदलणं) प्रत्येक अणूची आवृत्ती वेगळी पडते आणि ताल लवकर विस्कटतो. थंडीत तो टिकतो. तसा सुपररेडियन्स १९७३ मध्ये साध्या वायूतही दिसला होता, पण अतिथंड अणूंत तो फार स्वच्छ दिसतो. १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ केटर्ली यांच्या गटाने सोडियमच्या लांबट बोस-आइनस्टाइन संघनितावर (अतिथंड अणू एकाच क्वांटम अवस्थेत आलेला ढग) बाजूने लेसर टाकला. विखुरलेला प्रकाश चारी दिशांना न जाता लांब अक्षाच्या दोन्ही टोकांकडे निघाला आणि धक्का बसलेले अणू ४५ अंशांच्या कोनात थव्याने बाहेर पडले. मला या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग हाच वाटतो.

याची दुसरी बाजू पुस्तकांत फार कमी येते. अणू एकमेकांच्या विरुद्ध तालात असतील तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि प्रकाश आत अडकून राहतो. हा सबरेडियन्स. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे रुबिडियमच्या थंड ढगात तो मोजला गेला, तेव्हा शेवटचा प्रकाश नेहमीच्या आयुर्मानाच्या सुमारे १०० पट काळ रेंगाळत होता. क्वांटम माहिती साठवायला याचा उपयोग होईल म्हणून बरेच गट त्यामागे आहेत.

तुम्ही सुरुवात दोनच अणूंपासून करा. ते अगदी जवळ ठेवा आणि दोघांत मिळून एकच उत्तेजना वाटून द्या. बेरजेच्या अवस्थेत (दोघांचा ताल जुळलेला) उत्सर्जनाचा वेग दुप्पट येईल, वजाबाकीच्या अवस्थेत (ताल विरुद्ध) शून्य. दोन्हींची सरासरी काढा: एका अणूचाच वेग मिळतो. अणू कितीही घेतले, कसेही मांडले, तरी एका उत्तेजनेच्या सगळ्या अवस्थांची सरासरी एवढीच राहते. एका अवस्थेला वेग जास्त मिळाला की तो दुसरीच्या वाट्यातून गेलेला असतो.