वाचक विचारतात : नाणं नको, गाड्या बदला

गेल्या अंकात अ‍ॅम्बॅसॅडरच्या इंजिनाबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेलं होतं. याच घराण्यातल्या इंजिनाच्या दोन रायली गाड्यांनी १९५८ मध्ये ब्रिटनच्या सलून कार (म्हणजे छताच्या, घरोघरी वापरायच्या गाड्यांच्या) अजिंक्यपदाचा पहिला मानकरी ठरवला, असं ते वाक्य. त्यावर आलेली पत्रं बघता या वेळचं सदर त्या एका मोसमालाच द्यावं लागतंय. मला त्याचा आनंदच आहे. पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलच्या मुलांना शिकवत होते तेव्हापासून हा माझा आवडता विषय आहे.

प्रश्न : दोघांचे गुण सारखे झाले तर किताब विभागून द्यायचा, नाहीतर आपापल्या गाड्यांत एक शर्यत लावायची. तिसऱ्याच गाड्या आणून त्याही अदलाबदल करून पळवण्याचा खटाटोप कशासाठी? (सातारा)

उत्तर : आधी माणसं आणि गाड्या सांगते, मग खटाटोपाचं कारण आपोआप कळेल.

जॅक सीअर्स हा इंग्लंडच्या नॉरफकमधला शेतकरी. वागणं इतकं सभ्य की पुढे त्याला 'जंटलमन जॅक' हेच नाव पडलं. त्याची गाडी ऑस्टिन ए-१०५ वेस्टमिन्स्टर, २,६३९ सीसीची, सहा सिलिंडरची, कुटुंबाला घेऊन फिरायला काढलेली जडशीळ सलून. समोर टॉमी सोपविथ, बड्या घरचा मुलगा, गाडी जॅग्वार ३.४, म्हणजे ३,४४२ सीसी. मोसम संपला तेव्हा दोघांचे गुण ४८-४८.

आता या दोघांना आपापल्या गाडीत एकमेकांसमोर उभं केलं असतं तर काय झालं असतं? जॅग्वार सुटली की ऑस्टिनला तिचे मागचे दिवे बघत बसावं लागलं असतं. त्यातून जॅग्वार वेगवान आहे एवढंच सिद्ध झालं असतं, आणि ते तर शोरूममधल्या सेल्समनलाही माहीत होतं. संयोजकांनी म्हणून नाणं उडवायचं सुचवलं. ते दोघांनाही पटलं नाही. त्यांनी ते मान्य केलं असतं तर आज आपण या मोसमाची आठवणही काढली नसती.

मग तोडगा निघाला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, स्पर्धा विभागाचे प्रमुख मार्कस चेंबर्स यांनी दोन एकसारख्या रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या दिल्या. ठिकाण केंट परगण्यातलं ब्रँड्स हॅच. पाच फेऱ्यांची एक शर्यत, मग गाड्यांची अदलाबदल, मग पुन्हा पाच फेऱ्या. दोन्हींचा वेळ मिळवायचा, कमी भरेल तो विजेता. मैदानावर फक्त हे दोघे, आणि ट्रॅक ओला.

पहिली शर्यत सोपविथने २.२ सेकंदांनी जिंकली. गाड्या बदलल्या. दुसरी सीअर्सने ३.८ सेकंदांनी जिंकली. हिशेब केला तर सीअर्स १.६ सेकंदांनी पुढे. ब्रिटनला पहिला सलून कार विजेता मिळाला.

इथे जरा थांबा आणि कागद-पेन्सिल घ्या. मी वर्गात हेच करायला लावायचे. पहिली शर्यत सोपविथने जिंकली आणि मग त्याची गाडी सीअर्सकडे गेली. दुसरी सीअर्सने जिंकली. म्हणजे दोन्ही वेळा जिंकणारा माणूस वेगळा, पण गाडी तीच! 'एकसारख्या' म्हणून आणलेल्या दोन गाड्यांत एक सरस होती. किती सरस, तेही काढता येतं. पहिल्या वेळी गाडीचा फायदा सोपविथच्या बाजूला होता आणि सीअर्सच्या हातातलं कसब त्यातून वजा होत होतं, उरले २.२. दुसऱ्या वेळी तोच गाडीचा फायदा आणि सीअर्सचं कसब यांची बेरीज झाली, ३.८. दोन समीकरणं सोडवा. पाच फेऱ्यांमागे गाडीचा फरक येतो ३ सेकंद आणि माणसाचा ०.८ सेकंद.

ओल्या ट्रॅकवर पाऊस दोन शर्यतींमध्ये कमी-जास्त होतो, ड्रायव्हरचा हात दुसऱ्या खेपेला बसलेला असतो, हे सगळं धरूनही गाडीचा फरक माणसाच्या फरकाच्या जवळजवळ चौपट दिसतो. एकच शर्यत लावली असती तर ती चांगल्या गाडीत बसलेल्यानेच जिंकली असती, आणि कोणती गाडी चांगली हे शर्यतीआधी कुणालाच ठाऊक नव्हतं. नाणं उडवण्यासारखंच झालं असतं ते, फक्त पेट्रोल जाळून. अदलाबदल केली म्हणून गाडीचा वाटा दोन्हीकडे सारखा पडला, बेरजेत तो गळून गेला, आणि शिल्लक राहिला तो निव्वळ माणूस. प्रयोगशाळेत तराजूची दोन पारडी सारखी आहेत का हे बघायला आपण वजन आणि वस्तू उलटसुलट ठेवतो ना, अगदी तेच. मोटारशर्यतीच्या साऱ्या इतिहासात याहून न्याय्य निकाल मला माहीत नाही.

प्रश्न : रायली गाड्या बीएमसीच्या, ऑस्टिनही बीएमसीची आणि सीअर्स बीएमसीसाठी रॅल्या चालवायचा. मग हे घरच्या मैदानावर घरचाच पंच नेमण्यासारखं नाही का झालं? (डोंबिवली)

उत्तर : शंका रास्त आहे. रायली हाही त्याच कंपनीचा एक ब्रँड होता. पण वरचंच समीकरण पुन्हा बघा. कुणाच्या मनात खोट असती आणि त्याने एक गाडी मुद्दाम जास्त तयार केली असती, तरी अदलाबदलीनंतर ती सोपविथच्याही वाट्याला यायचीच होती. आणि प्रत्यक्षात सरस ठरलेली गाडी आधी सोपविथलाच मिळाली होती. हीच या पद्धतीची खरी ताकद आहे: पंचावर विश्वास ठेवावाच लागत नाही.

सीअर्सला अशा छोट्या, अंगाने कमी ताकदीच्या गाड्यांची जास्त सवय होती का, हा प्रश्न तुम्ही विचारला असता तर मला उत्तर देणं जड गेलं असतं. जॅग्वारमध्ये चुकलेला वेग पाय दाबून भरून काढता येतो. रायलीत तसं नाही, वळणात गमावलेला वेग पुढच्या वळणापर्यंत परत मिळत नाही. ब्रँड्स हॅचचा तेव्हाचा ट्रॅक जेमतेम सव्वा मैलाचा, बशीसारख्या खोलगट जागेत बसवलेला. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यानंतर पॅडॉक हिलचं उजवं वळण येतं आणि ते वळतावळताच रस्ता पायाखालून निघून गेल्यासारखा खाली उतरतो. ओल्यात तिथे ब्रेक किती आधी सोडायचा, एवढ्यावरच एका फेरीतले दशांश सेकंद ठरत असणार. १.६ सेकंद म्हणजे दहा फेऱ्यांवर वाटले तर फेरीमागे जेमतेम १६ शतांश.

प्रश्न : पण मुळात ऑस्टिनचे गुण जॅग्वारइतके झालेच कसे? ती जॅग्वारला कधी हरवू शकत होती का? (नाशिक)

उत्तर : नाही, आणि तिला ते करायचंही नव्हतं. गाड्या इंजिनाच्या आकारानुसार चार गटांत होत्या: १,२०० सीसीपर्यंत, १,६०० पर्यंत, २,७०० पर्यंत आणि त्याहून मोठ्या. धावायच्या सगळ्या एकत्र, गुण मात्र आपापल्या गटातल्या क्रमांकाचे. ऑस्टिन तिसऱ्या गटात, जॅग्वार चौथ्यात. दोघेही आपापल्या गटात पुन्हा पुन्हा पहिले येत राहिले आणि शेवटी बरोबरीत अडकले.

मोसमाची सुरुवातही गमतीची आहे. १९५८ चा पहिला टप्पा झाला २६ डिसेंबर १९५७ ला, ब्रँड्स हॅचवरच. तेव्हाची ही शर्यत म्हणजे बहुतांशी दुकानात मिळणारीच गाडी. आतलं सामान जागेवर, डोक्यावर छत, आणि वळणात अशी कलंडायची की आतल्या बाजूचं चाक हवेत. बघणाऱ्याला आपल्या दारातली गाडी शर्यतीत दिसते, हेच या खेळाचं मोठं आकर्षण. फॉर्म्युला वनचे लोकही यात उतरायचे. १९५८ चा जगज्जेता माइक हॉथॉर्न याची स्वतःची गाडी जॅग्वार ३.४ होती, ती घेऊन तो सलून शर्यतीतही धावला. जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळ रस्त्यावर त्याच गाडीला अपघात होऊन तो गेला, वय अवघं २९.

गटवार गुणांच्या पद्धतीवर तेव्हाही टीका व्हायची, आजही होते. सगळ्यांच्या पुढे धावणारा विजेता होत नाही, हे प्रेक्षकाच्या गळी उतरत नाही. मी या पद्धतीच्या बाजूची आहे. तिच्यामुळेच १९६९ मध्ये अ‍ॅलेक पूल मिनीत बसून विजेता झाला आणि १९७०, ७१, ७२ अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्नने मागे इंजिन असलेल्या एवढ्याशा सनबीम इम्पमध्ये किताब नेला. त्याच्या पुढे ट्रॅकवर मोठमोठ्या अमेरिकन गाड्या धावत होत्या. पैसेवाल्याची गाडी मोठी असते, तिच्याच गळ्यात माळ घालायची असेल तर शर्यत हवी कशाला?

प्रश्न : हा सोपविथ विमानवाल्या सोपविथपैकी का? (पुणे, वायुदलातून निवृत्त)

उत्तर : होय, त्यांचाच मुलगा. सर थॉमस सोपविथ, ज्यांच्या कंपनीचं 'कॅमल' विमान पहिल्या महायुद्धात गाजलं, ते पुढे हॉकर सिडली समूहाचे अध्यक्ष होते. त्या समूहातल्या हॉकरचं 'हंटर' विमान तुमच्या ओळखीचं असणार. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे टिपले ते याच विमानांनी. मुलाच्या शर्यतीच्या संघाचं नाव 'एकीप एन्डेव्हर' होतं. वडिलांनी १९३४ मध्ये अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीला नेलेल्या नौकेचं नाव 'एन्डेव्हर', त्यावरून. टॉमी स्वतःही पुढे पाण्यात उतरला आणि १९६१ मध्ये काऊज ते टॉर्की ही वेगवान मोटरबोटींची पहिली शर्यत जिंकला.

सीअर्सबद्दलही दोघांनी विचारलंय, तर थोडक्यात: १९६३ मध्ये तो पुन्हा विजेता झाला. त्या मोसमात सात लिटरची अवाढव्य फोर्ड गॅलेक्सी आणून त्याने सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची सद्दी संपवली. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीआधी एसी कंपनीची गाडी तपासायला त्याने ती पहाटे एम-वन महामार्गावर ताशी १८० मैलांच्या वर नेली. तेव्हा तिथे वेगमर्यादाच नव्हती. पुढच्या वर्षी ताशी ७० मैलांची मर्यादा आली तेव्हा लोकांनी तिचं खापर त्याच्यावर फोडलं. तो २०१६ मध्ये गेला, सोपविथ २०१९ मध्ये.

प्रश्न : मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रायलीचं इंजिन अ‍ॅम्बॅसॅडरचंच होतं तर दोन गाड्या सारख्या करणं इतकं अवघड का? आमच्या वर्कशॉपमध्ये दोन एसयू कार्ब्युरेटर पडून आहेत, त्यांचं काय करता येईल? (कोल्हापूर)

उत्तर : तुझ्यासाठी जागा मुद्दाम राखून ठेवली आहे. इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचं, १,४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसॅडरला आधीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन काढून हे बसवलं. आपल्याकडे एक कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), रायलीला एसयू या ब्रिटिश कंपनीचे दोन. फरक तिथूनच सुरू होतो.

दोन कार्ब्युरेटर म्हणजे एका इंजिनाला दोन नाकं. पहिल्या दोन सिलिंडरना एकातून हवा जास्त गेली आणि पुढच्या दोघांना दुसऱ्यातून कमी, तर इंजिन चालेल, पण ताकद सांडत राहील. आता अशी दोन इंजिनं घे, त्यांचे चार कार्ब्युरेटर, आणि चारही तंतोतंत सारखे कर. वर दोन्हींचं कॉम्प्रेशन, टायमिंग, टॅपेटचा गॅप, टायरची झीज. पाच फेऱ्यांत तीन सेकंद कुठे जातात ते तुला कळेल.

तुमच्याकडचे दोन उघडशील तेव्हा पहिली गोष्ट: एकाचा पिस्टन (इंजिनातला नव्हे, कार्ब्युरेटरमध्ये वरखाली होणारा) दुसऱ्याच्या घुमटात घालू नकोस. त्या जोड्या कारखान्यात जुळवलेल्या असतात. दोन वेगळ्या ट्रे घे. सगळं पेट्रोलने धुऊन, पुसून, पिस्टन बोटाने वर उचल आणि सोड. तो सरळ खाली येऊन 'टक्' वाजला पाहिजे. अडखळला किंवा आवाज आला नाही तर जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक नळी, मधोमध बसलेला नाही, ते आधी दुरुस्त कर. डॅशपॉटमध्ये, म्हणजे घुमटाच्या माथ्यावरच्या तेलाच्या जागेत, पातळ तेल टाकायला विसरू नकोस. तेल नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी एक गचका खाते.

इंजिनावर चढवल्यावर दोन्हींना जोडणाऱ्या दांड्याचा क्लँप सैल कर, एअर फिल्टर काढ, इंजिन गरम होऊ दे. हातभर रबरी नळी घे, एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धर. 'स्स्स' असा आवाज येईल. जिथे तो मोठा, तिथे हवा जास्त. दोन्हीकडे एकच सूर लागेपर्यंत स्टॉप-स्क्रू थोडे थोडे फिरव. मग एकेका कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर वर उचलून बघ. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, बसायला लागला तर कमी आहे, किंचित वाढून पुन्हा मूळ जागी आला तर मिश्रण बरोबर. एकाला हात लावलास की दुसरा पुन्हा तपासायचा. क्लँप सगळ्यात शेवटी आवळ, आणि आवळल्यावर नळी लावून परत एकदा ऐक, कारण आवळताना दांडा हमखास सरकतो.