पर्यटन धोरण कागदावर इतकं चांगलं, मग अडतं कुठे?

2024 मध्ये राज्याचं नवं पर्यटन धोरण आलं. दहा वर्षांत 1 लाख कोटींची गुंतवणूक, 18 लाख रोजगार. मग आपल्याकडे काहीच का हलत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नवी मुंबईत, ऐरोलीत राहते, त्यामुळे इथलंच सांगते.

धोरण पर्यटन खात्याचं, पण जागा दुसऱ्यांच्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. ते वन विभागाकडे. जेट्ट्यांचा कारभार बंदरं सांभाळणाऱ्या मेरिटाइम बोर्डाकडे, आसपासची बरीच जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, रस्ते-दिवे पालिकेचे. पर्यटनवाल्यांच्या हाती उरतं माहितीपत्रक!

ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र त्यातल्या त्यात बरं चाललंय, कारण केंद्र, बोट आणि पक्षी तिन्ही वन विभागाकडेच आहेत. फेऱ्या भरती बघून ठरतात, नाहीतर बोट गाळात रुतायची. पाहुणे यायचे म्हटलं की मी आधी भरतीची वेळ बघते, मग स्वयंपाकाचं.

नेरुळला उलटी तऱ्हा. सिडकोची जेटी बांधून झाली आणि काही वर्षं बोटींविना पडून राहिली. शेजारीच डीपीएस तलाव, फ्लेमिंगोंची हक्काची जागा. 2024 मध्ये तो कोरडा पडला, फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्यात म्हणून पक्षिप्रेमी ओरडत होते. चौकाचौकात ज्या पक्ष्याचे पुतळे उभारलेत, त्याच्या तलावात पाणी कोणी सोडायचं, हेच ठरेना. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, तेव्हा कुठे त्याला वाली मिळाला.

खारघरचा पांडवकडा धबधबा तर दर पावसाळ्यात बंदच. 2019 मध्ये तिथे चार मुली वाहून गेल्या, त्यामुळे बंदीला नावं ठेवायला जीभ धजत नाही. पण माणसं आडवाटेने जातातच. कठडे, जीवरक्षक, तिकीट, वर किती जण गेलेत याची नोंद, हे सगळं करायचं तर निधी हवा आणि उद्या काही झालं तर जबाब देणारा अधिकारी हवा. बंदीचं एका आदेशावर भागतं, म्हणून तीच निघते.

छोट्या माणसाचं तर विचारूच नका. माझ्या मावसभावाचं मुरबाडकडे कृषी पर्यटन केंद्र आहे. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली रीतसर नोंदणी केलेलं. खोल्यांसाठी कर्ज मागायला गेला, तर बँकेतले साहेब प्रमाणपत्र उलटसुलट करत म्हणाले, "हे पर्यटनाचं झालं हो, एनए कुठाय?" एनए म्हणजे जमीन बिगरशेती केल्याची परवानगी. त्याने धोरणाची प्रत पुढे केली. साहेब म्हणाले, आम्हाला वरून पत्र नाही. शेवटी त्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं, जास्त व्याजाने.