फोर्ट व्हँकूव्हरबद्दल तुम्ही विचारलेलं

प्रश्न: पोर्टलंडला मुलाकडे आलोय. नदीपलीकडचा फोर्ट व्हँकूव्हर पाहिला, पण तट नुसता लाकडी ओंडक्यांचा. हा किल्ला कसला?

काका, रायगड डोळ्यासमोर ठेवून गेलात तर निराशाच होणार. ही हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीची वखार, आपल्या सुरतेला इंग्रजांची होती ना तशीच. 1824-25 च्या हिवाळ्यात आधी टेकाडावर बांधली, पण नदी लांब पडायची म्हणून 1829 ला खाली कोलंबिया नदीच्या काठाजवळ आणली. धंदा मुख्यतः बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा, त्याच्या केसांपासून युरोपात फेल्टच्या हॅट बनायच्या.

प्रश्न: आतल्या इमारती मूळच्या आहेत का?

नाहीत. कंपनी 1860 ला निघून गेली आणि 1866 पर्यंत उरलंसुरलं सगळं जळून गेलं. 1947 पासून खोदकामात तटाच्या खांबांचे जमिनीत कुजलेले बुंधे सापडत गेले, त्यावरून जागा नक्की करून 1966 पासून परत बांधायला घेतलं. नक्कल आहे म्हणून नाक मुरडू नका, फार मेहनतीचं काम आहे ते.

प्रश्न: तटाबाहेर मोठ्ठं मैदान आहे, तिथे एखाददुसरं घर सोडलं तर काहीच नाही. तिथे कशाला जायचं?

उलट मी तर म्हणेन आधी तिथेच जा! तटाच्या आत साहेब लोक, आणि राबणारी माणसं सगळी या गवतावर राहायची, भरात असताना सहाशेच्या आसपास वस्ती. हवाईहून आणलेले इतके होते की नावच कनाका व्हिलेज पडलं (हवाईयन भाषेत कनाका म्हणजे माणूस), शिवाय फ्रेंच कॅनेडियन, स्कॉटिश, इरोक्वा आणि क्री या मूळ अमेरिकी जमातींचे लोक, आणि त्यांच्या बायका बऱ्याचदा आसपासच्या जमातींतल्या, मग आपसात बोलायचं कसं तर चिनूक जार्गन नावाच्या मिश्र बोलीत. त्याच नदीकाठच्या चिनूक जमातीच्या गावांत 1830 पासून तापाची साथ आली, बहुतेक मलेरियाच, आणि गावंच्या गावं ओस पडली. हे मला वाचताना दरवेळी जड जातं.

पुढे ब्रिटन आणि अमेरिकेच्या 1846 च्या तहात हा भाग अमेरिकेकडे गेला, 1849 ला लष्कर आलं, छावणी वाढत गेली आणि 1860 ला त्यांनी वस्तीतली घरं जाळली. हवाईयन धर्मोपदेशक विल्यम काउलेहेलेहे याचंही घर त्यात गेलं. चुली, फुटक्या इंग्लिश कपबश्या, मणी हे सगळं खाली मातीत राहिलं, म्हणून तर आज आपल्याला ही माणसं कळतात.

प्रश्न: शेजारी विमानं कशी काय उतरतात?

ते पिअरसन फील्ड नावाचं विमानतळ. 1937 ला मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून निघालेलं सोव्हिएत वैमानिक च्कालोवचं विमान इथेच उतरलं होतं.

प्रश्न: जुनं सफरचंदाचं झाड अजून आहे का?

1826 चं ते झाड 2020 ला गेलं हो. पण मुळापासून फुटलेली रोपं जपली आहेत, नदीकडे जाताना तिथे जरा थांबा.